ताम्रपट वाचणारे मास्तर

ठाण्याच्या किल्ल्याकडे किल्ला म्हणून कुणी बघत नाही, कारण आत मध्यवर्ती कारागृह आहे. आमच्या खोपटहून तिथे चालत जायला अर्धा तास पुरतो. १७८७ साली या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना मातीतून तांब्याचे पत्रे निघाले. त्यांवर जुन्या नागरी अक्षरांत संस्कृत मजकूर कोरलेला होता. तो रामलोचन पंडितांनी लावला आणि १७८८ साली कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आला. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. दान देणारा राजा शिलाहार घराण्यातला अरिकेसरी, ज्याला केशिदेव असंही म्हणतात. मजकुरात आपल्या गावाचं नाव होतं : श्रीस्थानक. ठाण्याच्या जमिनीतून निघालेलं ठाण्याचं जुनं नाव ठाण्याला कलकत्त्याहून कळलं.

पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांत एक गोष्ट बदलली. दक्षिण कोकणातल्या खारेपाटणला शिलाहारांचाच दुसऱ्या शाखेचा एक ताम्रपट मिळाला. तो वाचून, त्याचं इंग्रजी भाषांतर करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, पहिल्याच खंडात, छापला तो त्याच मुलखातल्या एका माणसाने. पोंभुर्ले गावचे बाळ गंगाधर शास्त्री जांभेकर. नोकरीने ते एल्फिन्स्टन संस्थेत मास्तर होते.

या प्रस्तावनेत मला जे सांगायचं आहे ते या शेवटच्या वाक्यात आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाचं संशोधन ज्यांनी उभं केलं त्यांत राजे नव्हते, आणि इतिहासावर पोट भरणारे तर जवळजवळ नव्हतेच. ते शाळामास्तर होते. कुणी हेडमास्तर, कुणी संस्कृतचे शिक्षक, कुणी शाळाखात्यातले तपासनीस. दिवसभर मुलांना शिकवायचं आणि राहिलेल्या वेळात कागद, पत्रे, शिळा वाचायच्या. या शास्त्राला जे चांगलं वळण लागलं ते वर्गात लागलं, आणि जे उणं राहिलं त्याचाही काही भाग वर्गातूनच आला. नव्याने वाचायला बसणाऱ्या माणसाने हे आधी जाणून घ्यावं असं मला वाटतं, कारण मग भीती जाते. हे काम आपल्यासारख्यांनीच केलेलं आहे.

मी स्वतः शाळेत इतिहास शिकवत आलो. निवृत्तीनंतर खोपटला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही काही जण मोडी आणि जुने लेख वाचायला बसतो. एसटी डेपोतून सुटणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, खिडकी लावून घेतली की कमी होतात. एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, दोन कॉलेजची मुलं, एक औषधाच्या दुकानवाले, कधी कधी त्यांची आई. या बैठकांतून जमलेली टिपणं आता एकत्र बांधतो आहोत, नव्याने येणाऱ्यांच्या हाती देता यावीत म्हणून. त्यांच्या आधी वाचायची ही चार पानं.

जांभेकरांची आठवण आपण दरवर्षी ६ जानेवारीला काढतो, कारण १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’ निघालं. मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून हार घातला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्या हारामागे दुसरा माणूस झाकला जातो. १८१२ साली जन्मलेला, पुराणिकाच्या घरातला हा मुलगा १८२५ च्या सुमारास मुंबईला आला, सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे राहून शिकला, आणि विशीतच नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचा चिटणीस झाला. १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक. त्या पदावरचा हा पहिला भारतीय. दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे शाळा तपासणं, अध्यापनवर्गात नव्या मास्तरांना तयार करणं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक, १८४५ मध्ये शिळाप्रेसवर छापलेली ‘ज्ञानेश्वरी’ची पहिली मुद्रित प्रत. मे १८४६ मध्ये ते गेले. वय चौतीस. त्यांच्याहून दुप्पट जगलेल्या माणसाची कामंही एवढी भरत नाहीत.

त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत व्याकरण आहे, गणित आहे, भूगोल आहे, नीतिकथा आहेत, आणि दोन इतिहास आहेत. एक ‘हिंदुस्थानचा इतिहास’. दुसऱ्याचं नाव ‘इंग्लंड देशाची बखर’. या नावापाशी जरा थांबावं. बखर म्हटलं की आपल्यासमोर सभासद येतो, भाऊसाहेब येतात, पानिपत येतं. दरबारातल्या किंवा दरबाराजवळच्या माणसाने धन्याच्या घराण्याचा, लढायांचा सांगितलेला वृत्तान्त. विलायतेच्या राजांचा, पार्लमेंटचा वृत्तान्त मराठी मुलाला सांगायचा तर त्याला नाव काय द्यायचं, हा प्रश्न एका तरुण मास्तरापुढे आला आणि त्याने घरातलंच भांडं काढून त्यात नवा जिन्नस वाढला. ‘इतिहास’ आणि ‘बखर’ हे दोन्ही शब्द एकाच लेखकाच्या हातात शेजारी-शेजारी आहेत, तिथे मराठी इतिहासलेखनाचा उंबरठा आहे असं मी मानतो. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत निघाला. त्याचं मराठी रूपही ‘मराठ्यांची बखर’ याच नावाने वाचलं गेलं. जुना शब्द इतका सवयीचा होता.

या पाठ्यपुस्तकांत दोष आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ती इंग्रजी ग्रंथांवर उभी आहेत. इथल्या राजांना मोजायची फूटपट्टी कंपनी सरकारची आहे. मुलांना परीक्षेसाठी लागेल ते आणि लागेल तेवढंच द्यायची घाई आहे. हीच घाई पुढे दीडशे वर्षं आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राहिली. मीही त्यातूनच शिकवलं.

पण तोच माणूस खारेपाटणचे पत्रे हातात घेतो तेव्हा निराळा होतो. तिथे समोर इंग्रजी ग्रंथ नाही, परीक्षा नाही. समोर फक्त तांबं आहे.

ताम्रपट म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचे बहुधा तीन पत्रे, प्रत्येकाला भोक पाडलेलं, त्यातून एक जाड कडी ओवलेली, कडीच्या जोडावर राजाची मुद्रा. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असतो. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुतेक वेळा कोरी ठेवतात, म्हणजे घासून अक्षरं जाऊ नयेत. कडा थोड्या उचललेल्या, त्याही अक्षरं जपण्यासाठीच. ही जमिनीच्या दानाची सनद. ज्याला जमीन मिळाली त्याने ती जपून ठेवायची, आणि कुणी हक्क विचारला तर पुढे करायची. मजकुराचा क्रम ठरलेला : आधी देवाला नमन, मग राजाच्या पूर्वजांची नावं एकामागून एक, मग दान कुणाला, कशासाठी, कोणत्या तिथीला, गावाच्या चार सीमा कोणत्या, आणि शेवटी हे दान मोडणाऱ्याला शाप.

खारेपाटणचा लेख शके ९३०चा, म्हणजे १००८ सालचा. दान देणारा रट्टराज. त्याच्या वडिलांनी, अवसराने, बांधलेल्या अव्वेश्वराच्या पूजेसाठी दिलेली गावं. लेख एवढ्यावर संपला असता तर तो एका देवळाचा कागद राहिला असता. पण रट्टराजाचं घराणं आधी ज्यांचं मांडलिक होतं त्या राष्ट्रकूटांची वंशावळ त्याने आपल्या वंशावळीच्या आधी कोरून घेतली. म्हणजे एकाच पत्र्यावर दोन घराणी. शिलाहारांच्या बाजूला सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्या. दक्षिण कोकणाच्या या शाखेबद्दल आपल्याला जे कळतं त्याचा कणा म्हणजे हा पत्रा. एक राजवंश जवळजवळ पुरा विस्मरणातून वर आला, तो एल्फिन्स्टनच्या एका मास्तरामुळे.

जांभेकरांचं वाचन शेवटचं ठरलं नाही. पुढे कीलहॉर्न यांनी हा लेख पुन्हा तपासून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात छापला. हे कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यानंतर वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र केले, त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७७ साली निघाला आणि मराठीतही त्यांनी शिलाहारांचा इतिहास लिहिला. मिराशीही नागपूरला शिकवणारेच. दीडशे वर्षांत एकच पत्रा तीन शिक्षकांच्या हातून गेला, आणि प्रत्येकाने आधीच्याची वही तपासली.

वही तपासणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे, आणि तिथे लोकलने जाता येतं.

अंबरनाथचं शिवालय सगळ्यांनी पाहिलेलं असतं. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. उत्तरेच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या तुळईवर, एक छोटा शिलालेख आहे. झिजलेला आहे, अंधारात आहे, आणि बहुतेक जण त्याच्याखालून मान न उचलता जातात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला. भाऊ दाजी डॉक्टर म्हणून नावाजलेले, पण शिक्षण एल्फिन्स्टनचंच, आणि जुने लेख वाचणं हा त्यांचा ध्यास. अजिंठ्यापासून गिरनारपर्यंत. त्यांनी अंबरनाथच्या लेखातला शक वाचला ७८२. म्हणजे देऊळ ८६० सालचं. भाऊ दाजी १८७४ साली वारले. त्यानंतर जुनागढहून आलेले, त्यांच्याच आश्रयाने आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे गेले, लेख पुन्हा वाचला आणि शक दिला ९८२. म्हणजे १०६०. राजा मम्वाणि, ज्याला मुम्मुणी असंही म्हणतात.

एका अंकाचा फरक, सातच्या जागी नऊ. त्या एका अंकाने देऊळ दोनशे वर्षं पुढे सरकलं, आणि उत्तर कोकणच्या देवळांचा सगळा कालक्रम नव्याने लावावा लागला. शिष्याने गुरूची चूक दाखवली आणि गुरूचं नाव त्यामुळे कुठेही उणं झालं नाही. भाऊ दाजींनी आधी वाचलं नसतं तर भगवानलालांना तपासायला काय होतं? मी आमच्या मुलांना त्या दाराखाली उभं करतो, हातात टॉर्च देतो, आणि पाच मिनिटं काहीच बोलत नाही. डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो. आधी नुसता ओबडधोबड दगड दिसतो. मग एक उभी रेघ दिसते. मग कुणीतरी म्हणतं, “सर, तो ‘श’ आहे का?”

शक वाचला की इसवी सन काढायचा. शकात ७८ मिळवायचे, आणि तारीख जानेवारी ते फाल्गुन अखेर यांच्यात पडत असेल तर ७९. हे आज आपण सहज सांगतो. पण लेखात तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील तर ते खरोखर जुळतात का, ग्रहण म्हटलं आहे तर त्या दिवशी ग्रहण होतं का, हे तपासायला गणित लागतं. ते गणित मराठी शाळेच्या एका हेडमास्तराने पक्कं करून ठेवलं. शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी शाळाखात्यात फिरले. इंग्रजी पदवी नाही. फ्लीट साहेबांना गुप्तकाळातले लेख लावताना गुप्त संवताचा आरंभ ठरवायचा होता, तेव्हा त्यांनी तिथ्यांची गणितं दीक्षितांकडून करून घेतली. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचा इंग्रजी पंचांगकोशही. दोन वर्षांनी ते गेले. ठाण्यातल्या ज्या मुलांनी त्यांच्याकडे बेरीज-वजाबाकी शिकली असेल, त्यांना आपले मास्तर रात्री काय मांडतात हे माहीत असेल का, असं मला नेहमी वाटतं.

ठाण्याच्या ‘अरुणोदय’ पत्रात त्या काळी सायन-निरयन पंचांगाचा, म्हणजे पंचांगाचं गणित कोणत्या पद्धतीने करावं याचा, वाद रंगला होता. त्या चर्चेच्या मंडळींत दीक्षितांबरोबर जनार्दन बाळाजी मोडक होते. हे मोडकही शाळाखात्यातले, आणि हेच ‘काव्येतिहाससंग्रहा’चे एक कर्ते. जानेवारी १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने आणि मोडक यांनी ते मासिक सुरू केलं. चिपळूणकरांनीही मास्तरकी केली, सानेही शिक्षणखात्यातच. सुमारे अकरा वर्षं त्यांनी जुनी काव्यं, बखरी, पत्रं, याद्या दर महिन्याला छापल्या. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर, मल्हार रामराव चिटणिसांचं शिवचरित्र अशी कितीतरी साधनं सामान्य वाचकाच्या हातात आली ती सान्यांच्या टिपांसह. कठीण शब्दाला खाली टीप, पाठभेद असेल तर तोही खाली. वर्गात फळ्यावर जे केलं असतं तेच छापून.

याच्या अकरा वर्षं आधी, १८६७ मध्ये, नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजच्या तरुणाने ग्रँट डफच्या इतिहासावर टीका करणारा निबंध वाचला आणि तो ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आला. परक्याने लिहिलेला आपला इतिहास आपण तपासला पाहिजे, हा विचार पक्का झाला तो तिथे. पण मला त्याच्या शेजारी दुसरं एक पुस्तक ठेवल्याशिवाय राहवत नाही. १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. फुले तर मास्तरांचे मास्तर. १८४८ पासून मुलींसाठी आणि ज्यांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवणारे. कीर्तन्यांचा प्रश्न होता, परक्याने आपल्याबद्दल काय चुकीचं लिहिलं? फुल्यांचा प्रश्न होता, हे ‘आपल्या’त कोण-कोण येतं? पहिल्या प्रश्नातून दप्तरं शोधली गेली, खंड छापले गेले. दुसऱ्या प्रश्नाकडे मास्तरांच्या या मोठ्या परंपरेने बराच काळ पाठ केली, आणि ही तिची मोठी उणीव आहे. ताम्रपटात गाव दान दिलेलं असतं, गावकऱ्यांची नावं नसतात. सनदेत शेत असतं, ते नांगरणारा नसतो. नवीन वाचकाने दोन्ही प्रश्न बरोबर घेऊन बसावं.

त्याच शतकात स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात याकोब बुर्कहार्ट इतिहास शिकवत होते. जन्म १८१८, म्हणजे जांभेकरांहून सहा वर्षांनी लहान. इटलीतल्या प्रबोधनकाळावरचं त्यांचं पुस्तक १८६० साली निघालं आणि युरोपभर गाजलं. १८७२ साली बर्लिनहून बोलावणं आलं, तेही रांकेसारख्या इतिहासकाराच्या जागेसाठी. त्यांनी नकार दिला. बाझलमध्ये विद्यापीठाबरोबर ते तिथल्या वरच्या शाळेतही शिकवत, आणि गावच्या लोकांसाठी व्याख्यानं देत. आपल्या गावच्या मुलांना इतिहास शिकवणं हे त्यांना लहान काम वाटलं नाही. त्यांची आठवण काढायचं कारण एवढंच की त्यांच्यामागे छापलेले ग्रंथ होते, लावलेली दप्तरं होती, चित्रांनी भरलेली संग्रहालयं होती. आमच्या मास्तरांना शिकवण्याआधी शिकवण्याजोगा मजकूरच शोधून, वाचून, छापून तयार करावा लागला. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद उतरून काढले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडामागून खंड छापला. रा. गो. भांडारकर रत्नागिरीला हेडमास्तर होते. त्यांनी मुलांसाठी लिहिलेली संस्कृतची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा पाया घालणारा ग्रंथ लिहिणारेही तेच.

पुढच्या पिढीची नावं इथे घेत नाही, एक सोडून. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. वाईला मिळालेली पानिपतच्या काळातली पत्रं त्यात आहेत. त्याची लांबलचक प्रस्तावना वाचली तेव्हा प्रस्तावना हाही एक अभ्यास असू शकतो हे मला पहिल्यांदा कळलं. माझी त्या वाटेवर चालायची ताकद नाही. पण दार दाखवायला तेवढी लागत नाही.

आता मोडीकडे. बोरूने, आधी आडवी रेघ मारून घेऊन, तिच्याखाली एकसलग लिहिलेली ही लिपी. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत. नवख्याला पानभर नुसत्या वेटोळ्या दिसतात. पण पत्राचा साचा ठरलेला असतो, आणि साचा कळला की अर्धं पत्र लागतं. तारखेच्या आधी ‘छ’ येतो, तो चंद्राचा, पुढे मुसलमानी महिना. साल अरबी अंकशब्दांत, त्याला सुहूर सन म्हणतात. ते शब्द पाठच करावे लागतात : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर.

एक साल उलगडून दाखवतो. सबा सलासीन मया व अलफ. सबा सात, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. झाले ११३७. हा सुहूर सन मृगापासून मृगापर्यंत चालतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन, आणि तारीख जानेवारीपासून पुढच्या मृगाच्या आत असेल तर ६००. म्हणजे ११३७ हे साल १७३६ च्या पावसाळ्यापासून १७३७ च्या पावसाळ्यापर्यंत पसरलेलं. १७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांनी साष्टीत उतरून पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं, ते याच सालात. सुरुवातीला मी अशाच एका चैत्रातल्या पत्राला ५९९ मिळवून मोकळा झालो होतो, आणि सगळी मोहीम एक वर्ष आधी नेऊन बसवली होती. कॉलेजच्या एका मुलीने फळ्यापाशी येऊन शांतपणे विचारलं, “सर, मृग अजून लागला नाहीये ना?” त्या दिवशी मला भाऊ दाजी आणि भगवानलाल यांची गोष्ट जितकी कळली तितकी पुस्तकातून कळली नव्हती.

ठाणे-कल्याणच्या माणसाला हे सगळं शिकायला लांब जावं लागत नाही. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १ जून १८९३ रोजी स्थापन झालेलं. त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे हे ‘महाराष्ट्र-सारस्वत’चे कर्ते. मराठी वाङ्मयाचा सलग इतिहास त्यांनी ठाण्यात बसून लिहिला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुनं, १८६४ चं. गावोगावी देवळामागे, पाराशेजारी गधेगाळीचे दगड आहेत. वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याला शाप. कपडे धुवायला, पाय पुसायला वापरलेलेही मी पाहिले आहेत. आणि सगळ्यांत जवळचं दप्तर घरातच असतं. माळ्यावरच्या ट्रंकेत, पोथ्यांच्या फडक्यात, आजोबांच्या सातबाऱ्याच्या फायलीत.

औषधाच्या दुकानवाल्यांच्या आईने असाच एक कागद आणला होता. घरात सगळ्यांची समजूत अशी की ही पूर्वजांना मिळालेली इनामाची सनद. तीन रविवार गेले. ती निघाली भाताच्या उसनवारीची याद : कुणाकडून किती मण घेतलं, किती परत केलं, किती राहिलं. त्यात सात नावं होती. मुलगा जरा हिरमुसला. आजी मात्र एकेक नाव पुन्हा वाचायला लावत होत्या, आणि चौथ्या नावाला म्हणाल्या, “ही बाई आहे. आमच्या वाड्याच्या मागे तिचं घर होतं असं सासूबाई सांगायच्या.” कुठल्याही ताम्रपटात न सापडणारं एक माणूस त्या दिवशी आमच्या फळ्यावर लिहिलं गेलं.

येताना कागद असेल तर आणा, पण चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, घडी जबरदस्तीने उलगडू नका. मोबाईलवर फोटो काढा, सावली पडू न देता, खिडकीच्या उजेडात. शाईचं पेन नको, पेन्सिल आणा, आणि ओळीमागे ओळ सोडून लिहा, कारण दुरुस्तीला जागा लागते. या टिपणांतही डाव्या बाजूला मोठा समास सोडला आहे तो त्यासाठीच. आमच्या चुका तुम्हाला सापडतील. त्या तिथे लिहा.

खोपट, ठाणे
गुढीपाडवा, शके १९४७